साडेपाचला काय खाता, ते आधी सांगा

एका वाचक तरुणीच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 27, वजन 62 किलो. नोकरी ऐरोलीच्या एका आयटी पार्कात, राहायला घोडबंदर रोडवर कासारवडवलीला, दोन मैत्रिणींसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये. सकाळी साडेआठला घर सोडायचं, रात्री पावणेदहाला परत. दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनचं जेवण, रात्री बहुतेक वेळा ॲपवरून मागवलेलं. शुक्रवारी टीमसोबत ‘बसायचं’ हे ठरलेलं. केस गळतायत, दुपारनंतर पेंग येते, जिमचे वर्षाचे पैसे भरून झालेत आणि रविवार पार्लर आणि झोपेत संपतो. ‘ड्रिंक्स पूर्ण बंद करू का, डाएट कोणतं करू, आणि सेल्फ-केअर म्हणून नेमकं काय करू?’

मी ठाण्याच्या नौपाड्यात आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतेय. ऐरोली, रबाळे, घणसोली, वागळे इस्टेट इथे नोकरी करणारी पंचविशी-तिशीतली मंडळी माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न दारूचा नाहीतर डाएटचा असतो. मी मात्र त्यांना आधी विचारते की संध्याकाळी साडेपाचला काय खाता? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘काही नाही, चहा.’ तुमच्या पत्रात तर संध्याकाळचा उल्लेखच नाही.

तुमच्या वेळा कागदावर मांडून बघा. एक जेवण दुपारी एकला, पुढचं धड जेवण रात्री दहानंतर. मधल्या नऊ तासांत मशिनचे दोन-तीन चहा आणि कुणाच्या तरी डेस्कवरची बिस्किटं, असं मी धरून चालते. आणि दिवसातली सगळी ओढाताण याच नऊ तासांत आहे. संध्याकाळचे कॉल, ऐरोली स्टेशन, ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरून पूल चढायचा, सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच बसथांब्यावर, बसची रांग लावायची आणि माजिवड्याच्या पुढे मेट्रोच्या खांबांमधून रांगत घर गाठायचं. घरात शिरेपर्यंत पोटात कावळे नुसते ओरडून नाही, ओरडून थकलेले असतात. अशा वेळी हातात मेन्यू आला की माणूस कोशिंबीर मागवत नाही. बिर्याणी मागवतो, आणि फ्री डिलिव्हरीसाठी वर एक गोड. ते येतं अकराला, खाऊन होतं साडेअकराला, झोप लागते एकला, सकाळी भूक नसते म्हणून नाश्ता बुडतो, आणि पुन्हा एक वाजेपर्यंत चहा. शुक्रवारी याच रिकाम्या पोटावर पहिला ग्लास जातो. त्यामुळे मी दुरुस्ती साडेपाचपासून सुरू करते. रात्रीच्या जेवणाला आणि शुक्रवारला त्यानंतर हात लावायचा.

साडेपाचला अडीचशेच्या आसपास कॅलरी आणि 10 ते 12 ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. यासाठी काही विशेष आणावं लागत नाही. 30 ग्रॅम फुटाणे आणि 20 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, म्हणजे साधारण दोन मुठी, यात 11 ग्रॅम प्रथिनं मिळतात. दोन उकडलेली अंडी असतील तर 12. पोळीला शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी आणि सोबत ताक, हेही चालेल. कॅन्टीनमध्ये उसळ मिळत असेल तर वाटीभर उसळ, पाव नको. ड्रॉवरमध्ये फुटाण्यांची बरणी ठेवा. दोन दिवसांत शेजारचे संपवतील, म्हणून मोठी ठेवा. कॅलेंडरवर 5:20 ते 5:35 ब्लॉक करा आणि नाव ‘क्लायंट सिंक’ द्या. ‘स्नॅक ब्रेक’ लिहिलंत तर त्यावर कुणीतरी मीटिंग टाकणारच.

प्रथिनांचा हिशोबही एकदा करून टाकू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 62 किलोला साधारण 51 ग्रॅम. कॅन्टीनच्या थाळीत पातळ वरण, तीन पोळ्या, भाजी आणि थोडा भात धरला तर 18 ग्रॅम होतात. रात्री पावभाजी किंवा नूडल्स असतील तर आणखी दहा-बारा. नाश्ता नाही. म्हणजे बहुतेक दिवशी तुम्ही तिशीच्या आसपास थांबता. केस गळण्याचं हे एकमेव कारण नसेल, पण केस प्रथिनांचेच बनतात, आणि महिनोन् महिने तूट राहिली की शरीर आधी केसांच्या वाट्याचं काढून घेतं.

आता रात्रीचं जेवण. ‘घरी स्वयंपाक करा’ असा सल्ला मी देणार नाही. रात्री दहाला कणीक मळा असं सांगणारा माणूस घोडबंदरला राहत नसावा. ठाण्यात पोळीभाजी केंद्रं आहेत ती याचसाठी. स्टेशनकडून निघताना पोळ्या आणि एखादी सुकी भाजी घ्या, किंवा घराजवळ डबा देणाऱ्या बाई शोधा. नव्या टॉवरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन-चार तरी सापडतात. उरलं प्रथिनांचं. त्यासाठी घरात अंडी, दही आणि मूगडाळ या तीन गोष्टी कायम असू द्या.

खिचडी करणार असाल तर प्रमाण बदला. आपल्याकडे दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतात. तुम्ही तिघींत एक वाटी तांदूळ आणि एक वाटी सालीची मूगडाळ घ्या. हळद, हिंग, मीठ, असेल तर दुधी किंवा गाजर किसून, आणि कुकर लावून अंघोळीला जा. बाहेर येईपर्यंत वाफ जिरलेली असते. प्रत्येकीला 15 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. वरून चमचाभर तूप, बाजूला दही. अगदीच अंगात त्राण नसेल त्या दिवशी मेतकूट-भात, दही आणि एक अंडं. हेही जेवणच आहे, यात कमीपणा नाही.

शनिवार-रविवारचं एकच काम सांगते, मटकीचं. शनिवारी सकाळी उठल्यावर दोन वाट्या मटकी भिजत घाला. संध्याकाळी पाणी काढून सुती फडक्यात घट्ट बांधा आणि चाळणीत ठेवून द्या. मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत रविवारी सकाळीच मोड फडक्याबाहेर डोकावतात, जानेवारीत रविवारची संध्याकाळ उजाडते. मोड नखाएवढे झाले की थांबायचं. जास्त ठेवलीत तर आंबूस वास येतो आणि मग ती कुणी खात नाही. कोरडी करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली की बुधवारपर्यंत टिकते. कांद्यावर परतून उसळ, साडेपाचसाठी नुसती वाफवून लिंबू पिळून, किंवा पोह्यांत टाकून. लिंबू विसरू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

ॲपवरून मागवणं बंद करायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा मागवा, आणि घरी पोहोचल्यावर नाही, ठाण्याला गाडीतून उतरतानाच वेळ ठरवून मागवा. साडेपाचला खाल्लेलं असेल तर तेव्हा डोकं ठिकाणावर असतं. एग करी-रोटी, दाल तडका-रोटी, तंदुरी चिकन यातलं काहीही घ्या. मामलेदारची मिसळ किंवा स्टेशनजवळचा वडापाव मी कुणाचा काढून घेत नाही. तो भूक मारायला रोज खाल्ला जातो तेव्हा अडचण होते. रविवारी सकाळी चार जणांत बसून मिसळ खाणं हा ठाण्यात राहण्याचा हक्क आहे.

आता शुक्रवार. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण किती पितो हेच माहीत नसतं. ‘मी फक्त बिअर घेते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, म्हणून हिशोब करून दाखवते. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकात साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 30 मिलीचा लहान पेग म्हणजे सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आता 650 मिलीची स्ट्राँग बिअरची बाटली घ्या. लेबलवर 8 टक्के असेल तर त्यात 41 ग्रॅम अल्कोहोल निघतं. म्हणजे ‘फक्त एक बिअर’ ही चार लहान पेगांएवढी झाली. पाच टक्क्यांची माइल्ड बाटली असेल तर अडीच पेग. 150 मिलीचा वाइनचा ग्लास दीड पेगाएवढा. आणि लाँग आयलंड आइस टी नावातच तेवढी चहाची आहे. तिच्यात चार-पाच प्रकारची दारू असते, एका ग्लासात अडीच पेग सहज बसतात, आणि कोलाच्या गोडीत ते जाणवत नाहीत.

एक ग्रॅम अल्कोहोलमधून सात कॅलरी मिळतात. स्ट्राँगच्या त्या एका बाटलीत नुसत्या अल्कोहोलच्या 290 कॅलरी आहेत, बिअरमधल्या कर्बोदकांच्या त्याहून वेगळ्या. पण मला कॅलरींपेक्षा घड्याळाची काळजी जास्त वाटते. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोलचा निपटारा करतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. अकराला बाटली संपली तर पहाटे तीन-चारपर्यंत शरीर त्याच कामात गुंतलेलं असतं. पटकन झोप लागते म्हणून लोक खूश असतात, पण उत्तररात्री ती झोप तुटते. शनिवारी दहा तास झोपूनही अंग जड राहतं ते यामुळे. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने रक्तातलं अल्कोहोल पुरुषांपेक्षा जास्त चढतं. टीममधल्या मुलांच्या ग्लासाशी बरोबरी करण्यात काही समानता नाही.

‘बंद करू का?’ या प्रश्नाला आरोग्यापुरतं उत्तर ‘हो’ असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्वच्छ सांगितलंय की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, आणि स्तनाच्या कर्करोगासह अनेक कर्करोगांशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. त्यामुळे रेड वाइन हृदयाला चांगली वगैरे मी कुणाला सांगत नाही. पण ‘उद्यापासून एक थेंब नाही’ म्हणणारी माणसं तिसऱ्या शुक्रवारी दुप्पट पिऊन येतात हेही मी बघते. गटारीला हेच होतं. श्रावणात महिनाभर बंद म्हणून आषाढी अमावास्येला महिन्याची एका रात्रीत प्यायची, आणि शरीराला त्या एका रात्रीचा मार सगळ्यात जास्त बसतो. तुम्ही सोडू शकत असाल तर सोडाच. नसाल, तर निदान मोजून आणि पोट भरलेलं असताना प्या. महिन्यातून चार शुक्रवारांऐवजी दोन, आणि एका वेळी दोन लहान पेगांच्या पुढे नाही.

बसल्यावर पहिली ऑर्डर खाण्याची द्या, पेयाची नंतर. चखना म्हणून मसाला पापड आणि फरसाण आलं की त्यातल्या मिठाने तहान लागते आणि पुढचा ग्लास आपोआप मागवला जातो. त्याऐवजी अंडा भुर्जी, चणा मसाला, तंदुरी पापलेट, पनीर टिक्का असं काही प्रथिनांचं घ्या. प्रत्येक ग्लासानंतर एक ग्लास पाणी. ग्लास अर्धा असताना कुणी भरत असेल तर हात ठेवा, नाहीतर मोजणी तिथेच चुकते. आणि सोड्यात लिंबू पिळून हातात धरलात तर कुणी विचारत नाही. बहुतेक टीममध्ये असं धरणारे एक-दोघं असतातच, ते सांगत नाहीत एवढंच. टीममध्ये 23 वर्षांचा फ्रेशर असेल तर तेही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी वय 25 लागतं, सौम्य बिअर आणि वाइनसाठी 21, आणि पिण्याचा परवाना ही कायद्यातली अट आजही आहे. कुणी स्कूटरने आलं असेल तर ती ऑफिसलाच राहू द्या. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशीचं थोडक्यात. रात्री झोपताना ‘उद्या डोकं दुखू नये’ म्हणून पॅरासिटामॉल घेऊ नका, यकृतावर दोन्हींचा भार एकदम येतो. जंतुसंसर्गासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर त्या काळात आणि नंतरचे निदान तीन दिवस दारूला हात नको. औषध दुकानातल्या गोड पेयांना ओआरएस समजू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली ती याच गोंधळामुळे. खरं ओआरएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळवायची पुडी. सकाळी पाणी, ताक, भाताची पेज किंवा मऊ खिचडी. शनिवारी उपाशी राहून ‘डिटॉक्स’ तर अजिबात करू नका. विषारी द्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं न सांगता करतात, हिरव्या ज्यूसची बाटली त्यात काही भर घालत नाही.

आणि शुक्रवारशिवायही, एकटीने, झोप लागावी म्हणून किंवा दिवस विसरावा म्हणून ग्लास भरला जात असेल, तर तो प्रश्न आहारतज्ज्ञाचा राहत नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 वर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

चहा-कॉफीकडे येते. यातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. तुमच्या कॅन्टीनमध्ये जेवण झालं की सगळे थेट चहाच्या मशिनकडे जातात, हो ना? तो चहा अडीचला ढकला. याउलट ‘क’ जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं, म्हणून मटकीवर लिंबू. कॅफिनचं दुसरं असं की पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं शरीरात असतं. संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला अर्धी जागीच असते. चारनंतर नको.

केसांसाठी पार्लरमधल्या हेअर स्पावर किंवा बायोटिनच्या गोळ्यांवर आणखी पैसे घालण्याआधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-12 आणि ‘ड’ जीवनसत्त्व. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 च्या फेरीत, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. दुपारची पेंग, केस गळणं, तुमची लक्षणं त्यात बसतात. कमतरता निघाली तर गोळ्या डॉक्टर देतील, नुसत्या खजुराने किंवा बिटाने ती लवकर भरून निघत नाही. हिवाळ्यात अळिवाचे लाडू आईकडून मागवा, तो मात्र उत्तम पूरक आहार आहे.

सेल्फ-केअरबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. सध्या या नावाखाली जे विकलं जातं त्यात विकत घ्यायच्याच गोष्टी जास्त असतात. पार्लरला जाऊ नका असं नाही, तिथला तासभर कुणी फोन करत नाही हेच मोठं सुख असतं. पण तुमच्या आठवड्यात सगळ्यात मोठी तूट झोपेची आहे. साडेपाचचं खाणं आणि दहाचं हलकं जेवण जमलं की साडेअकराला दिवा बंद करता येईल, सातपर्यंत साडेसात तास होतात. सकाळी भूकही लागेल. दोन अंडी-पोळी किंवा दूध-केळं घेऊन निघा, त्यावर जास्त विचार नको. जिम सध्या आठवड्यातून दोनदाच, शनिवार आणि रविवार. रोज जायचं ठरवून एकदाही न जाण्यापेक्षा ते बरं. मधल्या दिवसांत जेवणानंतर ऑफिसच्या आवारात पंधरा मिनिटं चाला. शनिवारी सकाळी उपवनला किंवा येऊरच्या रस्त्याला गेलात तर उत्तम, फक्त आदल्या रात्री बसलेलं नसावं.

सुरुवात सोमवारपासून, पहिले दोन आठवडे फक्त साडेपाचचं खाणं आणि जेवणानंतरचा चहा पुढे ढकलणं, एवढंच. बाकी त्यानंतर. रक्ताच्या तपासण्या पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या, पण शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी नको. सध्या बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबलाही सांगा, कारण त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर जा. रिपोर्ट आले की त्यासोबत तीन दिवसांचं खाणंपिणं वेळेसकट लिहून पाठवा, त्यातला एक दिवस शुक्रवार असू द्या, आणि ग्लास मिलीमध्ये लिहा.